गाऱ्हाण्यात घेतलेलं नाव

त्या वर्षातले मोर्चे, सभा आणि बंदोबस्त आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण माझ्या टेबलावर एका बाईने ठेवलेली तांदळाची पिशवी तेवढी अजून जशीच्या तशी दिसते. जुन्या साडीच्या कापडाची, पाच-सहा किलोची, तोंड नाडीने आवळलेलं. पोलीस ठाण्यात लोक काय काय घेऊन येतात. कोयता आणतात, फाटलेला सदरा आणतात, मेलेली कोंबडीसुद्धा आणतात. दळायचे तांदूळ घेऊन तक्रार द्यायला आलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

वीस वर्षं नोकरी भरताच मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यामुळे 'निवृत्त अधिकारी' म्हटलं की लोक पांढरे केस शोधतात आणि समोर मी उभा राहतो. कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचो, एसटी स्टँडवर उभा राहून वाटायचो. मग वर्दी चढवली आणि तोंड बंद ठेवायला शिकलो. आता पुन्हा पत्रकं वाटतो. हे सांगतोय एवढ्यासाठीच की पुढे कुठे चीड दिसली, तर ती कुठून आली ते कळावं. त्यातली बरीचशी माझी माझ्यावरच आहे.

ठाण्याचं, गावाचं, माणसांचं नाव देणार नाही. श्रीवर्धन तालुक्यातला समुद्राकडचा भाग, एवढं पुरे. साठेक घरांचं गाव, मागे सुपारीच्या वाड्या, पुढे भातशेती, आणि निम्मे पुरुष मुंबईत नाही तर जहाजावर.

वर्ष निवडणुकांचं होतं. उन्हाळ्यात लोकसभा, दिवाळीनंतर विधानसभा. मधल्या काळात आरक्षणाचे मोर्चे निघाले, हवं म्हणणाऱ्यांचे आणि नको म्हणणाऱ्यांचेही. पक्ष फुटले होते, एकाच घरातले दोन भाऊ दोन झेंड्यांखाली भाषणं करत होते. आमचे हवालदार त्याच भागातले, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. ते म्हणायचे, "साहेब, पूर्वी झेंडा बघून माणूस वळखायचो. आता माणूस भेटला की इचारावं लागतं, आज कंचा?"

लोकसभेच्या मतदानाला मी फिरत्या गस्तीवर होतो. दुपारी त्या गावच्या शाळेतून निरोप आला, केंद्राध्यक्ष बोलावतायत. गेलो. आत एक चाळिशीची बाई मतदान प्रतिनिधीच्या खुर्चीवर बसली होती, पाठ सरळ. गावात त्यांना सगळे 'वहिनी' म्हणत; मीही तेच म्हणेन. गावकीत, म्हणजे गावाच्या बैठकीत, आधीच ठरलं होतं की गावाची सगळी मतं एका उमेदवाराला जाणार. वहिनी दुसऱ्या बाजूच्या प्रतिनिधी म्हणून बसल्या होत्या. तेवढ्यानेच गाव धुसफुसत होतं. त्यात गावकराचा पुतण्या आपल्या भावाच्या नावावर मत द्यायला आला. गावकर म्हणजे गावकीचा प्रमुख. देवळातलं मानाचं कामही त्याच्याकडेच.

वहिनी म्हणाल्या होत्या, "हा तो न्हाय. तो कुवेतला हाय. परवा त्याच्या आईला त्याचा फोन आलता, मी तिथंच बसलेली."

रांगेतले लोक हसले. पुतण्या म्हणाला, "मीच तो." वहिनींनी नियमाप्रमाणे दोन रुपये भरून रीतसर आक्षेप घेतला. केंद्राध्यक्षांनी पुतण्याला बापाचं नाव विचारलं. ते त्याने बरोबर सांगितलं, बाप एकच होता. मग जन्मसाल विचारलं. तिथे गडबडला.

दुसऱ्याच्या नावावर मत देऊ पाहणाऱ्याला ताब्यात घ्यायला हवं होतं. मी त्याचा दंड धरून त्याला शाळेच्या फाटकाबाहेर नेलं आणि सांगितलं, घरी जा, पुन्हा दिसू नको. डायरीत 'किरकोळ वाद, समज देऊन मिटवला' असं लिहिलं. परत येऊन वहिनींना म्हणालो, "ताई, या गावातच राहायचंय ना? कशाला वाढवताय?"

त्या म्हणाल्या, "मी कुठं वाढवलं? उलट एक मत कमी केलं."

मला हसू आलं. संध्याकाळी मतदान यंत्रं सीलबंद होऊन गेली आणि मी ते विसरलोही.

जूनमध्ये त्या पिशवी घेऊन ठाण्यात आल्या. त्यांचं म्हणणं असं. मतदानानंतर चौथ्या दिवशी गावकी बसली. कुणी त्यांना काही सांगितलं नाही, कागद नाही, दवंडी नाही. पण दुसऱ्या दिवसापासून शेजारीण बोलेना. दुकानदार मीठ देईना. वाडीत सुपारी उतरवायला येणारा गडी येईना. आणि गिरणीवाला म्हणाला, गिरण बंद आहे.

"असेल बंद," मी म्हणालो.

"पट्टा फिरत होता, साहेब. पीठ त्याच्या मिशीवर उडत होतं, आन् मला सांगतोय बंद हाय."

घरी सासरे होते, आबा. सत्तरी उलटलेली, अंथरुणाला खिळलेले, मऊ भाकरीशिवाय काही चावता येत नव्हतं. नवरा जहाजावर खलाशी, वर्षातून एकदा यायचा. म्हणून दर आठवड्याला वहिनी पिशवी खांद्याला लावून एसटीने बोर्ली पंचतनच्या बाजारात दळायला यायच्या. तशाच जाताजाता ठाण्यात आल्या होत्या.

सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्या राज्यात वेगळा कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आहे, तक्रार आली की नोंदवायचाच. त्या कायद्याची प्रत माझ्या कपाटात होती. ती कपाटातच राहिली. मी अदखलपात्र नोंद केली, अर्ज चौकशीवर ठेवला आणि सांगितलं, "गावातल्या मोठ्या माणसांना मध्ये घाला, आपसात मिटवा." हे वाक्य पोलीस ठाण्यात इतक्यांदा बोललं जातं की भिंतींनासुद्धा पाठ झालं असेल. ऐकायला सलोख्याचं वाटतं. खरं तर त्याचा अर्थ एवढाच असतो की ज्याच्या मागे जास्त माणसं, त्याच्या पायाशी जाऊन बसा. मला हा अर्थ तेव्हाही माहीत होता. समोर विधानसभेची तयारी होती, माझ्याकडे माणसं कमी होती, आणि साठ घरांचं गाव बिथरवायची मला हौस नव्हती.

वर्ष पुढे सरकलं. बायकांसाठी आलेल्या सरकारी योजनेचे अर्ज भरायला गावोगाव रांगा लागल्या. तिथे हवालदारांना वहिनी दिसल्या. त्यांच्या पुढची बाई दोन हात पुढे आणि मागची दोन हात मागे. ऊन होतं, सगळ्या बायका भिंतीच्या सावलीला चिकटून दाटीने उभ्या. यांच्याभोवती मात्र ऐसपैस जागा. हवालदार मला म्हणाले, "साहेब, रांगेत असं भोक मी पैल्यांदा बघितलं."

गणपतीत त्यांच्याकडे आरतीला कुणी आलं नाही. आबांनी पडल्या पडल्या टाळ वाजवला आणि वहिनींनी एकटीने आरती म्हटली. नवऱ्याचा जहाजावरून फोन यायचा: "नारळ ठेव गावकीपुढं, चुकलं म्हन आन् मोकळी हो." गावकीचीही तीच अट होती. बाकी काही नको, फक्त चार माणसांत 'माझं चुकलं' एवढं म्हणायचं.

दिवाळीनंतर विधानसभेचं मतदान झालं. त्या शाळेत गेलो तर वहिनी पुन्हा त्याच खुर्चीवर. पाणी स्वतःच्या घरून आणलेलं. या वेळी दुसऱ्याच्या नावावर मत द्यायला कुणी आलं नाही. मी दारातून पाहिलं आणि आत न जाता तसाच परत फिरलो. लाज वाटली, असं आज म्हणता येतं. तेव्हा वाटलं, उगाच कशाला.

मग शिमगा आला. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. दारात पाट मांडायचा, पालखी टेकते, ओटी भरायची. गावातलं एकही घर चुकत नाही, मुसलमान शेजाऱ्याच्या अंगणाशीसुद्धा पालखी क्षणभर थांबते. मुंबईतली माणसं रजा काढून येतात ती यासाठीच. त्या वर्षी वहिनींनी पाट मांडला, रांगोळी काढली, आबांना उचलून पडवीत बसवलं. पालखी वळणापर्यंत आली आणि वरच्या अंगाने पुढल्या घराला गेली.

तिसऱ्या दिवशी वहिनी ठाण्यात आल्या. पिशवी टेबलावर ठेवली. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, तुमी म्हणालात मिटवा. ते म्हणतात माफी माग, मिटंल. मी तयार हाय."

मला सुटल्यासारखं वाटलं. "चांगलं झालं," म्हणालो.

"पन कशाची माफी मागायची ते तुमी लिहून द्या. तुमी तिथं होता. मी काय गुन्हा केला ते कागदावर लिहा, खाली सही करा, शिक्का मारा. तो कागद घेऊन मी गावकीपुढं वाचते."

त्यांनी माझ्यापुढचा कोरा कागद माझ्याकडे सरकवला. पेन माझ्या हातातच होतं. मी पेनाला टोपण लावलं. हवालदार दारात उभे होते, ते हळूच म्हणाले, "वहिनी, बसा. चहा सांगतो." नंतर वहिनी मला म्हणाल्या की वर्षभरात त्यांना वहिनी म्हणणारं हे पहिलं माणूस. मुलखाबाहेरच्या माणसाला यात विशेष वाटणार नाही. पण गावात नाव गेलं की माणूस जिवंत असून नसल्यासारखा होतो.

त्या दिवशी मी गुन्हा नोंदवला. नऊ महिने उशिरा.

तपासाला गावात गेलो तेव्हा पारावर सात-आठ जण बसलेले. मी मुद्दामच विचारलं, "इथे ते जहाजावर असतात, त्यांचं घर कुठलं?"

"कुनाचं?"

मी नाव सांगितलं. एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. दुकानदार म्हणाला, "असं घर गावात न्हाय साहेब."

पन्नास वर्षं ज्यांच्या अंगणात हे खेळले, जेवले, त्यांचं घरच नाही. हवालदारांनी माझी बाही ओढली. "चला साहेब, मला सापडलं. शिमग्यात ज्या दारापुढं पावन्यांच्या चपला न्हायत, तेच."

दोन दिवस जबाब घेतले. चाळीसच्या वर माणसं. सगळ्यांचं उत्तर एकच: "आमी कुनाला वाळीत टाकलं न्हाय. ज्याची त्याची मर्जी." शब्दसुद्धा इकडचा तिकडे नाही. माझा अनुभव सांगतो. खरं बोलणारी दोन माणसं कधी सारखं बोलत नाहीत. एक गाईचा रंग सांगतो, दुसरा वेळ सांगतो. चाळीस जण एकच वाक्य बोलले तर ते वाक्य कुणीतरी वाटलेलं असतं. पण हे कोर्टात सांगून चालत नाही. बैठकीचा कागद नाही, साक्षीदार नाही. पालखी का वळली विचारलं तर, "खांदेकऱ्यांची वाट चुकली." जन्मापासून त्याच वाटेवर चालणारी माणसं!

निघताना आबांना भेटायला पडवीत टेकलो. वहिनी आत चहा ठेवत होत्या. आबांचा आवाज बारीक, पण शब्द नीट.

"साहेब, किती जनांना इचारलं?"

"गावातल्या बहुतेकांना."

"मानसांना इचारून काय उपेग? मानसं तुमाला खोटं सांगतील, त्यात पाप न्हाय समजत ती. आईला काय सांगितलं ते इचारा."

"कुठल्या आईला?"

"देवीला." आबा थोडं दमले, मग म्हणाले, "पालखीनं घर सोडलं तर देवीला सांगावं लागतं. कुनाचं सोडलं, कशापायी सोडलं, सगळं गाऱ्हान्यात. तिथं लपवलं तर गावाला दोष लागतो. तीस वर्सं मी गाऱ्हानं घातलंय. आताच्या गावकराला बी मीच शिकवलंय. त्यो तुमच्या म्होरं पन्नासदा खोटं बोलंल. तिथं बोलनार न्हाय."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून सगळ्या गावाच्या वतीने मोठ्याने घातलेलं साकडं. एक जण बोलतो, प्रत्येक वाक्याला गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतं. मी त्याच भागात नोकरी केली, दर शिमग्याला बंदोबस्ताला उभा राहिलो, आणि त्या शब्दांकडे कधी कान दिला नव्हता.

"आबा," मी विचारलं, "तुमच्या वेळी कधी घर सोडलं होतं?"

 आतून कपबशांचा आवाज थांबला होता.

"एकदा," आबा म्हणाले. "वरच्या आळीतलं. पोरीनं जातीभायेर लगीन केलं म्हनून. नाव मीच घेतलं गाऱ्हान्यात. दोन वर्सं कशीबशी काढली त्यांनी, मग गेली पनवेलकडं. घर पडलं, आता नुसतं जोतं हाय."

वहिनी चहा घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांना हे ठाऊक नव्हतं, तोंडावरून दिसत होतं. त्यांनी कप माझ्या हातात दिला, दुसरा आबांच्या ओठांना लावला, आणि पदराने त्यांची हनुवटी पुसली.

दुसऱ्या दिवशी गावकराला ठाण्यात बोलावलं. साठीचा, डोक्यावर पांढरी टोपी, सोबत पाच माणसं. पाचही जणांना बाहेर बाकावर बसवलं. गावकराला चहा दिला. आधी त्याने ते वाटलेलं वाक्य म्हणून घेतलं. मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग अर्धा तास सुपारीवर बोललो. यंदा बहर कसा, गळ किती, वाडीला पाणी पुरतं का. माणसाला चौकशीला बसवलं की तो एका दारावर सगळं बळ लावून उभा असतो; तिथे धडका मारण्यात अर्थ नसतो.

मग सहज विचारलं, "शिमग्याचं गाऱ्हाणं तुम्हीच घालता ना?"

"व्हय. मान हाय आमचा."

"यंदा घातलंत?"

"घातलं तर. लोक म्हनाले, आबांच्या मागं असं गाऱ्हानं झालं न्हवतं."

"मग म्हणून दाखवा जरा."

त्याचा हात टोपीकडे गेला. "हितं? ठान्यात?"

"इथे बरं वाटत नसेल तर देवळात जाऊ. गाडी आहे."

"देवळात नको." हे त्याने फार पटकन म्हटलं.

"बरं, इथेच म्हणा."

त्याने डोळे मिटले, चपला काढल्या. सुरुवात छान केली: सीमेवरचे देव, वाडीतले देव, समुद्रावर गेलेली माणसं, मुंबईत राहणारी लेकरं, सगळ्यांना सांभाळ. मग थांबला. पुन्हा मागून सुरू केलं आणि पुन्हा तिथेच थांबला. कपाळावर घाम.

"पुढचं आठवत नाही का?"

"आठवतंय."

"मग तेवढं वगळून पुढचं म्हणा."

"वगळता येत न्हाय साहेब."

"का?"

त्याने डोळे उघडले. "तुमाला खोटं बोललो तर काय व्हईल? कोंडाल. तिथं खोटं बोलायचं कसं?"

"आणि तुम्ही ते म्हणालात तेव्हा गाव काय म्हणालं?"

 "व्हय म्हाराजा," तो म्हणाला.

म्हणजे माझ्यापुढे 'आम्ही कुणाला टाकलं नाही' म्हणणाऱ्या त्या प्रत्येकाने देवळापुढे उभं राहून मोठ्याने 'व्हय' म्हटलं होतं.

कबुली पोलिसांपुढे दिलेली. कोर्टात तिला किंमत नाही. मी कागद पुढे ओढला आणि म्हणालो, "गाऱ्हाणं चांगलं झालं म्हणता. आम्ही ऐकायचं राहिलं."

आणि त्या माणसाने, अजून चपला पायात न घालता, भोळेपणाने म्हटलं, "ऐका की. मुंबयवाल्यांनी सगळ्यांनी मोबाइलात घेतलंय."

दारात उभ्या असलेल्या हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं आणि टोपी चढवली.

दोन पंच घेऊन आम्ही त्याच दुपारी गावात गेलो. रजेवर आलेल्या एका गिरगावातल्या नोकरदाराचा मोबाइल पंचनामा करून ताब्यात घेतला. त्याने कौतुकाने पुढे केला होता. कशासाठी ते कळलं तेव्हा तोंड पडलं, पण जबाब मात्र नीट दिला. चित्रफितीत सगळं होतं. भर सकाळ, देवळापुढचं आवार, गुलाल. गावकराचा खणखणीत आवाज: "आई, वर्साप्रमानं तुजी पालखी घरोघर नेतोय. एक घर सोडलंय." मग नाव. "मताच्या वक्ती गावाचा शबुद मोडला म्हनून गावानं टाकलंय. त्याचा रोष लेकरांवर धरू नको." आणि मागून सगळ्या गावाचा आवाज. हवालदारांनी ते एकदाच ऐकलं. म्हणाले, "एवढा पुरावा खुनात बी मिळत न्हाय."

दोन दिवसांनी गिरणीवाल्याची बायको स्वतःहून ठाण्यात आली. उभ्या उभ्याच म्हणाली, "गिरण चालू होती साहेब. मीच तांदूळ ओतत होते. लिहून घ्या." अंगठा न देता सही केली आणि निघून गेली.

गावकर आणि गावकीच्या चार पंचांवर दोषारोपपत्र ठेवलं. मग फोन सुरू झाले. ज्या बाजूला गावाने मतं दिली त्यांचा आला, ते अपेक्षितच होतं. पण ज्या बाजूसाठी वहिनी दोन निवडणुका त्या खुर्चीवर बसल्या, त्यांच्याही पुढाऱ्याचा आला. "साहेब, जरा दमाने घ्या. ते साठ घरांचं गाव आहे, आणि ती बाई एक घर. पुढे झेडपी आहे." लोकशाहीचा उत्सव म्हणून फलक लावणारी ही माणसं. मतदान प्रतिनिधी म्हणजे यांच्या लेखी खुर्ची अडवायला ठेवलेला रुमाल. मी फोन ठेवला. त्यांना काही बोललो नाही, कारण नऊ महिन्यांपूर्वी मीही हाच हिशेब केला होता, फक्त शब्द गोड वापरले होते.

अखेर गावकीच तडजोडीला आली. पाचही जण वहिनींच्या अंगणात उभे राहिले. नवरा तेव्हा रजेवर आला होता, तो म्हणाला, "माफी मागतायत, घे ना."

वहिनी म्हणाल्या, "मला माफी नको. जिथं नाव घेतलं तिथंच परत घ्या. तेवढ्याच मोठ्यानं." आणि त्या अटीवरच कोर्टाच्या परवानगीने प्रकरण मिटलं. 'मिटवा' या शब्दाचा एवढा चांगला उपयोग मी नोकरीत दुसरा पाहिला नाही.

त्या प्रकरणामुळे मी वर्दी उतरवली असं म्हणणार नाही. कारणं बरीच होती. पण कपाटातली ती प्रत मी जाताना काढून घेतली, आणि आता तिचंच सोप्या मराठीतलं पत्रक घेऊन गावोगाव फिरतो. लोक विचारतात, या प्रकरणाने काय शिकवलं? एक, बहिष्कार टाकायला हिंमत लागत नाही, फक्त सगळ्यांनी एकदम गप्प बसावं लागतं. आणि त्या गप्प बसणाऱ्यांत ठाण्याचा अंमलदारही धरायचा. दुसरं, ज्या माणसाकडून खरं हवं आहे तो कुणापुढे खोटं बोलत नाही ते आधी शोधावं. गावकर माझ्यापुढे खरं बोलला, पण माझ्या दराऱ्याने नव्हे.

पुढच्या शिमग्याला मी साध्या कपड्यांत गेलो. देवळापुढे गावकराने गाऱ्हाणं घातलं. वहिनींच्या घराचं नाव घेतलं, गाव चुकलं म्हणाला, त्याच खणखणीत आवाजात. गावाने 'व्हय म्हाराजा' म्हटलं. मग पालखी फिरत फिरत त्यांच्या वळणाशी आली. गावकर पुढे झाला आणि त्याने हाक मारली, "वहिनी, पाट मांडा."

वहिनींनी पाट मांडला. पालखी टेकली, ओटी भरली. आबांना दोघांनी धरून उभं केलं होतं. त्यांनी दांडीला हात लावला तो सोडेनात. खांदेकऱ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलंय. आबा गावकराला म्हणाले, "अजून एक घर ऱ्हायलंय."

"कुनाचं आबा? सगळी झाली."

आबांनी नाव सांगितलं. तरुणांनी एकमेकांकडे पाहिलं; त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं. गावकराने मात्र मान खाली घातली. त्या वेळच्या गाऱ्हाण्याला 'व्हय' म्हणणाऱ्यांत तोही होता.

पालखी वरच्या आळीला वळली. ढोल आपसूक थांबले. जोत्यावर घाणेरीची झुडपं माजली होती, पायऱ्या दोनच उरल्या होत्या. खांदेकरी गोंधळले, टेकायची कुठे, पाट कोण मांडणार? तेवढ्यात वहिनी मागून चालत आल्या, काखेत आपल्याच घरचा पाट. त्यांनी हाताने पाला बाजूला सारला, पाट पुसला आणि त्या दोन पायऱ्यांपुढे मांडला.